तक्रारी : निरंक

(८ मार्चच्या निमित्ताने नगरला झालेल्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे 'उच्चशिक्षित स्त्री आणि आपली चळवळ'. विषय एवढा मोठा आणि वेळ वीस मिनिटं. म्हणून मी एकाच बाईबद्दल बोलणार आहे. ती आपल्या जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शाखेला शिकवते. तिचं आणि कॉलेजचं नाव सांगणार नाही. मी हे बोलते आहे ते तिला विचारून, आणि तिने एकच अट घातली आहे. "ताई, मला बिचारी करू नका."

आमची ओळख कशी झाली ते आधी सांगते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला. दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी, तिच्यात निम्म्याहून कमी बायका नकोत, आणि स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली एक व्यक्ती बाहेरून घ्यायची, असं त्यात आहे. ती बाहेरची व्यक्ती म्हणून मला कॉलेजचं पत्र आलं. खरं सांगायचं तर मी सुखावले. आमच्या समुपदेशन केंद्रावर येणाऱ्या बायका मारहाणीच्या, टाकून दिलेल्या, ऊसतोडीहून परतलेल्या. एवढ्या मोठ्या इमारतीतून आपल्याला बोलावणं आलं याचं अप्रूप वाटलं. पहिल्या बैठकीला चहा, बिस्किटं आणि टाईप केलेला वार्षिक अहवाल तयार होता. तक्रारींची संख्या : निरंक. मी सही केली. दुसऱ्या वर्षी पुन्हा निरंक, पुन्हा सही. मधल्या काळात एकाही मुलीला मी विचारलं नाही की बाई गं, अशी समिती आहे हे तुला ठाऊक तरी आहे का. समितीवर ही मॅडमही होती. विभागात बाई एकटीच, म्हणून तिचं नाव घातलेलं.

ती पारनेर तालुक्यातल्या कोरडवाहू घरातली. आई रोजगार हमीच्या कामावर माती उचलायला जायची. मुलगी आधी डिप्लोमा, मग डिग्री, मग एम. ई. करत गेली. आज चौतिशीची आहे, घरी पाच वर्षांची मुलगी आहे. नळाला दिवसाआड पाणी येतं, त्या दिवशी साडेचारला उठायचं. डबे, मुलीचं आवरणं, सासूबाईंची औषधं आणि पावणेआठची गाडी. पहिल्या तासाला 'थिअरी ऑफ मशीन्स', मग ड्रॉइंग, दुपारी प्रॅक्टिकल. फ्लायव्हील का लागतं हे ती शिवणयंत्राच्या चाकावरून शिकवते. पायडलवरचा पाय क्षणभर सैल पडला तरी सुई थांबत नाही, कारण चाकाने ती गती साठवलेली असते. हे तिने मला केंद्रातल्याच शिवणयंत्रावर दाखवलं. बारावीनंतर माझा विज्ञानाशी संबंध सुटलेला, पण मला ते समजलं.

सुरुवातीच्या दिवसांत वर्कशॉपमध्ये तिने लेथला हात लावला की तिथला माणूस पुढे यायचा, "मॅडम, राहू द्या, मी करतो." ती म्हणते, त्या अदबीशी भांडायला तीन वर्षं गेली. तुच्छतेशी भांडणं त्या मानाने सोपं असतं. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नयेत असं छापलं होतं आणि सुधा मूर्तींनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं, ही गोष्ट ती दरवर्षी मुलींना सांगते. आता जाहिरातीत तसं कोणी छापत नाही, म्हणून पोस्टकार्ड कुणाला लिहायचं तेही कळत नाही, असं वर म्हणते.

बारावीची परीक्षा झाली की कॉलेजच्या जागा भरायला गावोगाव फिरायचं. मुलींच्या घरी तिलाच पाठवतात, कारण बाई गेली की आई बोलते. २०१६ मध्ये कोपर्डीची घटना घडली, त्यानंतरच्या उन्हाळ्यात सगळ्या आयांचा पहिला प्रश्न एकच होता, अंधाराच्या आत पोरगी घरी येईल ना? आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणात फीमाफी देण्याचा निर्णय सरकारने २०२४ साली घेतला. तेव्हापासून फीचा प्रश्न मागे पडला, असं ती सांगते. गाडीचा आणि संडासाचा प्रश्न मात्र आहे तिथेच आहे.

आता पगाराकडे येते. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजांना विनाअनुदान परवानगी मिळाली. लोणी, संगमनेर, कोपरगाव, साखर कारखानदारीच्या आपल्या पट्ट्यात त्या सुमारास कॉलेजं उभी राहिली, पुढे आणखी निघाली. शेतकऱ्याची मुलं इंजिनिअर झाली, हे मी नाकारत नाही. ही मॅडम त्यातलीच. पण विनाअनुदान म्हणजे सारा खर्च फीतून. जागा रिकाम्या राहिल्या, शिष्यवृत्तीची रक्कम सरकारकडून उशिरा आली, की सगळ्यांत आधी अडतो तो मास्तरांचा पगार. तिचा तीन-तीन महिने थकलेला आहे. नेमणुकीची ऑर्डर अकरा महिन्यांची. बाळंतपणाच्या वेळी तिला कोणी काढलं नाही. फक्त पुढची ऑर्डर आली नाही. वर्षभराने ती परत लागली ती नवी म्हणून, मागची सात वर्षं पुसून.

एकदा दोन महिने पगार नाही हे तिने घरी सांगितलंच नाही. भिशीचे पैसे उचलून घरखर्चाला दिले. मी विचारलं, का? म्हणाली, "पगार नाही म्हटलं की लगेच म्हणतील, मग सोड की. आणि मला सोडायचं नाही, ताई. मला शिकवायला आवडतं." वर्गात साठ पोरांसमोर ताठ उभी राहणारी ही बाई स्वतःच्या घरात नोकरी लपवून जपते आहे.

आणि मग एक दिवस प्रॅक्टिकलनंतर एक विद्यार्थिनी तिच्यापाशी आली. काय घडलं, कुणाबद्दल, ते सांगणार नाही. कायद्याचं कलम १६ तशी मनाई करतं आणि ते योग्यच आहे. मुलीचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, लिहून दिलं तर घरी कळेल का?" घरी कळलं की शिक्षण बंद, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मॅडम चार रात्री झोपली नाही. पाचव्या दिवशी एस. टी. स्टँडवरून तिने मला फोन केला. मी तोंडपाठ असलेलं सांगितलं. तक्रार लेखी हवी, तीन महिन्यांच्या आत हवी, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, मुलीला लिहिता येत नसेल तर मदत करायची, चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कायदा मीही वाचलाय, ताई. मी विचारते ते वेगळं आहे. मी तिच्या बाजूने उभी राहिले आणि जूनमध्ये माझी ऑर्डर आली नाही, तर तुमची संस्था काय करेल?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईसाठी आमच्या कपाटात फाईल आहे. संरक्षण अधिकारी, आधारगृह, मोफत वकील, सगळे पत्ते आहेत. या बाईसाठी फाईल नव्हती. समाजकार्याची पदवी घेताना आणि नंतर शिबिरांतही आमच्या मनात पक्कं बसलं होतं की शिकलेली, कमावती बाई म्हणजे सुटलेली बाई. तिने आपल्याला वर्गणी द्यावी, व्याख्यानाला हॉल मिळवून द्यावा, एवढंच. याच नगरमध्ये मिस फॅरारबाईंनी चालवलेली मुलींची शाळा पाहून जोतिरावांनी पुण्यात शाळा काढली, हे आपण अभिमानाने सांगतो. मास्तरणीला पगार कोण आणि कधी देतं, हे विचारायचं आपल्याकडून राहूनच गेलं.

मला त्या दिवसांत भंवरीदेवीची फार आठवण झाली. राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ती साथिन होती, तुटपुंज्या मानधनावर. बालविवाह थांबवायला गेली म्हणून १९९२ साली तिच्यावर बलात्कार झाला. त्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला आणि पुढे हा कायदा. म्हणजे ज्या बाईमुळे हा कायदा आला तीही मानधनावरचीच होती, आणि तो राबवायला समितीवर बसवलेली आमची मॅडम अकरा महिन्यांची.

पुढे काय झालं, तर त्या मुलीने तक्रार लिहिली. माझ्या केंद्रावर, फुलस्केप कागदावर, मराठीत. मॅडम शेजारी बसली होती, पण एक शब्दही तिने सुचवला नाही. समिती बसली. निकालाबद्दल मी बोलणार नाही. त्या वर्षीच्या अहवालात तक्रारींची संख्या 'एक' लिहिली, तेव्हा कारकुनाने दोनदा विचारलं, "नक्की एक लिहायचं ना मॅडम? नॅकवाले बघतात."

मॅडमची ऑर्डर जूनमध्ये आली नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आली. 'थिअरी ऑफ मशीन्स' काढून घेऊन पहिल्या वर्षाचे ड्रॉइंगचे तास दिले. हा सूड की वेळापत्रकाची अडचण, कागदावर काही सापडत नाही. मधले दिवस तिने भिशीवर काढले आणि घरी सांगितलं की कॉलेजला सुट्टी वाढली आहे. या खेपेला मला ते खोटं माहीत होतं, एवढाच फरक.

आता आम्ही जिल्ह्यातल्या चौघीजणी, ज्या अशा समित्यांवर बाहेरच्या सदस्य आहोत, वर्षातून दोनदा भेटतो. सहीच्या आधी आम्ही तीन गोष्टी विचारतो : समितीतल्या किती बायका कायम आहेत, बाकीच्यांची ऑर्डर कधी संपते, आणि वसतिगृहाच्या भिंतीवर समितीचे फोन नंबर लावले आहेत का. एका ठिकाणी यावर मला पुढच्या वर्षीचं पत्रच आलं नाही. पुढची भेट मेच्या शेवटच्या रविवारी, ऑर्डरी निघायच्या आधी, माझ्या केंद्रावर आहे. तुमच्यापैकी ज्या कुणी कॉलेज, बँक, कारखाना, कुठल्याही समितीवर असाल त्यांनी यावं, आणि येताना सदस्यांची यादी आणावी. मॅडमही येणार आहे. शिवणयंत्र दुरुस्तीला दिलेलं आहे, ते तोवर येईल.