भाड्याची खोली आणि आपलं सामान

जून लागला की पालघर-बोईसरमध्ये खोली शोधणारी मुलं दिसू लागतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगडहून कॉलेजसाठी आलेली. डिपॉझिट, भाडं, मेस यांचा हिशोब घरचे नीट करतात. खोलीला आग लागली तर लॅपटॉप, पुस्तकं, कपडे यांचं काय, हे कुणी विचारत नाही. घरमालकाने विमा उतरवला असला, तरी तो त्याच्या घराचा असतो. भाडेकरूचं सामान त्यात येत नाही.

आपल्याकडे ही काळजी उगाच नाही. तारापूरला रसायनांचे कारखाने आहेत, जानेवारी 2020 मधला स्फोट लोक विसरलेले नाहीत. डहाणू-तलासरीत नोव्हेंबर 2018 पासून बसलेल्या भूकंपाच्या धक्क्यांमुळे माणसं घराबाहेर झोपली.

एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी मिळते. भाडेकरूला तीत फक्त सामानाचा विमा घेता येतो. आग, स्फोट, भूकंप, वादळ, पूर हे सगळं तीत आहे. चोरीचं मात्र नीट ऐका. आगीसारखी घटना घडली आणि त्यानंतर सात दिवसांत सामान चोरीला गेलं, तरच भरपाई मिळते. नुसत्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण मागावं लागतं. मुलांना खरी धास्ती चोरीचीच असते, म्हणून सही करण्याआधी हे विचाराच. किरणोत्सर्गाने झालेलं नुकसानही या पॉलिसीत बसत नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्राजवळ राहणाऱ्यांना हे माहीत असावं.

मग सामानाचा विमा घ्यावा का? खोलीत गादी, भांडी आणि कपडे एवढंच असेल, तर माझ्या मते गरज नाही. आईवडिलांनी कर्ज काढून लॅपटॉप दिला असेल, तर जरूर घ्या आणि बिल जपून ठेवा.

त्याच्याही आधी एक काम करा. डहाणू-विरार लोकलच्या दारात उभं राहून जाणाऱ्या मुलांची मला सामानापेक्षा जास्त काळजी वाटते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा अपघात विमा मिळतो. अठरा वर्षं पूर्ण आणि बँकेत खातं, एवढं पुरतं. या योजनेचं वर्ष 1 जूनला सुरू होतं. बँकेत अर्ज द्या, आणि मे महिन्यात खात्यात तेवढी शिल्लक ठेवा.