घरचा आणि घरच्यासारखा



कामगार चळवळीतला माणूस आज एका प्रेमकथेवर बोलणार, आणि तीही चित्रांतून सांगितलेल्या, याचे काहींना नवल वाटले असेल. जपानात अशा चित्रकथेला ‘मंगा’ म्हणतात आणि लहानथोर सारेच ती वाचतात. रियोको इकेदा या लेखिकेची ‘व्हर्सायचा गुलाब’ ही मंगा १९७२ आणि १९७३ या वर्षांत ‘मार्गारेट’ नावाच्या मुलींच्या साप्ताहिकात क्रमशः आली. स्टेफान झ्वाइगने लिहिलेले मारी आंत्वानेत राणीचे चरित्र वाचून तिला ही कथा सुचली. १९७४ साली ताकाराझुका या केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळीने ती रंगभूमीवर आणली आणि पुढे तिचे शेकडो प्रयोग झाले.

काळ फ्रेंच राज्यक्रांतीच्या आधीचा. जनरल जार्जे यांना मुलगा नाही. सहावी मुलगी झाली तेव्हा त्यांनी तिचे नाव ऑस्कर ठेविले, हाती तलवार दिली आणि घराण्याचा वारस म्हणून तिला मुलासारखे वाढविले. ऑस्कर कल्पित आहे, भोवतालचा इतिहास मात्र खरा आहे. तिच्या दाईचा नातू आंद्रे. पोरका झालेला हा पोरगा त्या वाड्यात आला, तिच्याबरोबर खेळला, तलवार शिकला, आणि मोठेपणी तिचा नोकर झाला. तिच्यावर त्याचा जीव जडला. पण उमरावाच्या मुलीला मागणी घालण्याचा हक्क नोकराला कुठला?

आता आमच्यासारख्याची नजर कशावर जाते ते सांगतो. एवढ्या मोठ्या कथेत आंद्रेच्या पगाराची चर्चा नाही. तो कुणाला सांगून सुटी घेतो, आजारी पडला तर काय होते, हा प्रश्नच उठत नाही. कारण तो ‘घरच्यासारखा’ आहे! हा शब्द आम्हांला नवा नाही. घरकाम करणाऱ्या बायांची गाऱ्हाणी घेऊन आम्ही ज्या ज्या दारी गेलो, तिथे पहिले उत्तर हेच मिळाले: “अहो, आम्ही तिला घरच्यासारखी वागवतो.” घरच्या माणसाला पगार नसतो, हे खरे. पण घरच्या माणसाला वाटणी असते. घरच्यासारख्या माणसाला वाटणी नाही, कारण तो घरचा नाही. आणि पगार वाढवून मागायचा नाही, कारण तो परका नाही. ‘सारखा’ या तीन अक्षरांत सगळी भिंत उभी आहे.

आंद्रेची कोंडी हीच आहे. त्याने ते घर सोडले तर छप्पर जाते, एकुलती एक आजी दुरावते आणि प्रेमाचे माणूसही जाते. ज्याला जाताच येत नाही, त्याचे राहणे प्रेमापोटी की नाइलाजापोटी, हे कुणी सांगावे? ऑस्करचे एक काम बजावताना त्याचा एक डोळा जातो, पुढे दुसऱ्याचीही दृष्टी मंदावते. याला प्रेम म्हणायचे की कामावरचा अपघात? आम्ही म्हणतो, दोन्ही; आणि दोन्ही आहे म्हणूनच अपघाताची भरपाई कुणी मागत नाही. तिला दुसरे स्थळ येते तेव्हा हा सज्जन माणूस तिच्या मद्यात विष कालवितो आणि शेवटच्या क्षणी तिला ते पिऊ देत नाही. लेखिकेने हा प्रसंग झाकला नाही, हा तिचा मोठेपणा. ज्याला तोंडाने मागता येत नाही, त्याच्या मनात काय काय साचते, हे तिने ओळखले.

शेवट आपण जाणता. ऑस्कर राजाच्या रक्षकदलातून फ्रेंच गार्ड या पलटणीत जाते. आंद्रेही तिथे शिपाई होतो. पोटासाठी बंदूक विकणारे शिपाई ती तिथे पाहते. १७८९ च्या जुलैत दोघे एकमेकांचे होतात, ती पदवी नि जहागीर टाकून देते आणि पलटणीसह लोकांच्या बाजूला जाते. तेराला आंद्रे पडतो, चौदाला बॅस्टिलपुढे ती. या पलटणीचे शिपाई लोकांना मिळाले, हे इतिहासातही घडले आहे.

वाचक रडतात, आम्हीही हललो. पण मग इतिहासाचे पुढचे पान उलटले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात फ्रान्सच्या राष्ट्रसभेने मताधिकाराचे नियम केले आणि पगारी घरनोकरांना त्यातून वगळले. १७९१ च्या राज्यघटनेने तेच कायम ठेविले. कारण काय, तर नोकर धन्यावर अवलंबून, त्याचे मत म्हणजे धन्याचेच दुसरे मत. अवलंबून राहण्याची स्थिती बदलायची सोडून अवलंबून असलेल्यालाच बाहेर ठेविले! १७९३ च्या घटनेने चाकरीचे हे नातेच कायद्याला मान्य नाही असे जाहीर केले, पण ती घटना अमलात आलीच नाही. म्हणजे वाड्यातला आंद्रे जगता आणि नोकरच राहता, तर ज्या क्रांतीसाठी तो पडला तिने त्याला मतही दिले नसते.

कथेच्या मायदेशीही पाहा. विवाह केवळ दोघांच्या संमतीने व्हावा, हे तत्त्व घालणारी जपानची राज्यघटना १९४७ च्या मे महिन्यात अमलात आली. त्याआधी, १८९८ च्या कायद्याप्रमाणे, लग्नाला कुटुंबप्रमुखाची संमती लागे. म्हणजे १९४७ साली वारस मुलीला नोकराशी लग्न करायला कायद्याची आडकाठी उरली नाही. पण त्याच १९४७ साली कामाचे तास आणि सुटी ठरविणारा कामगार कायदा झाला, त्यातून खाजगी घरांतले नोकर वगळले गेले. आपल्या महाराष्ट्रातही २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात नोंदणी आहे, मदत आहे, पण किमान वेतन त्याने ठरविले नाही.

श्रोतेहो, प्रेमाला आमचा विरोध नाही. आमचे म्हणणे एवढेच, की प्रेमाची परीक्षा मोकळ्या माणसालाच देता येते. नोकराला ठरलेला पगार असू द्या, आठवड्याची सुटी असू द्या, दार उघडून निघून जाण्याची ताकद असू द्या. इतके करूनही तो थांबला, तर त्या थांबण्याला खुशाल प्रेम म्हणा. आणि ऑस्कर–आंद्रेला एक व्हायला मरणाच्या दारी जावे लागले, तसे पुढच्या कुणा दोघांना जावे लागू नये.