पराभव मनाला लागला पाहिजे

(नभोवाणीवरून प्रसारित झालेलं भाषण)



मी तुर्भ्याला राहतो. तुर्भे म्हटलं की बहुतेकांना आठवतो तो इथला घाऊक बाजार. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि दाणाबंदर. साऱ्या मुंबईच्या स्वयंपाकघराची तजवीज इथून होते. याच तुर्भ्याहून पनवेलच्या बाजूला जाणारी लोकल पकडली, की पुढचं स्टेशन जुईनगर आणि त्याच्या पुढचं नेरूळ. नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियम आहे. आपल्या देशाचा फुटबॉल संघ आशियातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेतून या मैदानावर बाद झाला, ही गोष्ट आमच्या परिसरात किती जणांना ठाऊक असेल? फार थोड्यांना. त्या पराभवाबद्दल, आणि पराभवानंतर देशाचं मन कसं वागतं याबद्दल, आज मला आपल्याशी बोलायचं आहे.

साल २०२२, जानेवारी महिना. महिलांच्या आशियाई करंडक फुटबॉल स्पर्धेचं यजमानपद भारताकडे होतं. सामने नवी मुंबईत, अंधेरीत आणि पुण्याला बालेवाडीत व्हायचे होते. या स्पर्धेतूनच पुढच्या वर्षीच्या विश्वचषकाचे आशियाई संघ ठरणार होते. भारताच्या मुलींना एवढ्या जवळून विश्वचषकाचं दार क्वचितच दिसलं होतं. त्यांची तयारीही तशीच होती. आदल्या नोव्हेंबरात हा संघ थेट ब्राझीलमध्ये, मनौसला जाऊन ब्राझीलशी खेळला होता. हरला सहा-एकने, पण तो एक गोल पंजाबच्या मनीषा कल्याणने ब्राझीलच्या जाळ्यात मारला होता.

२० जानेवारीला नेरूळला पहिला सामना झाला, इराणशी. आपल्या मुलींनी सामनाभर इराणवर दडपण ठेवलं, पण गोल काही होईना. सामना शून्य-शून्य बरोबरीत सुटला. दुसरा सामना २३ जानेवारीला, चायनीज तैपेईशी होता आणि तो जिंकणं भाग होतं. कोरोनाची तिसरी लाट तेव्हा भरात होती. खेळाडूंना बाहेरच्या जगापासून तोडून हॉटेलात ठेवलं होतं, तरी साथ आत शिरलीच. बारा खेळाडू चाचणीत बाधित आढळल्या. नियम असा होता, की गोलरक्षक धरून किमान तेरा खेळाडू उभे करता आले नाहीत, तर त्या संघाने माघार घेतली असं मानायचं. तेरा जणी उभ्या करता आल्या नाहीत. सामना झाला नाही, भारत स्पर्धेतून बाहेर गेला, आणि इराणबरोबरचा तो बरोबरीचा सामनाही रद्दबातल धरला गेला. आशालता देवीच्या नेतृत्वाखालचा हा संघ मैदानावर एकदाही न हरता आपल्याच घरच्या स्पर्धेतून बाद झाला. दोन आठवड्यांनी, ६ फेब्रुवारीला, याच मैदानावर चीनने दक्षिण कोरियाला ३-२ असं हरवून करंडक नेला. त्या सोहळ्यात यजमान कुठेच नव्हते.

आता २३ जानेवारीच्याच रात्रीची दुसरी गोष्ट ऐका. तो रविवार होता. दूर केपटाऊनला आपले पुरुष क्रिकेटपटू दक्षिण आफ्रिकेशी तिसरा एकदिवसीय सामना खेळत होते. दीपक चहरने ५४ धावा करून सामना ओढत आणला होता आणि अखेर आपण अवघ्या चार धावांनी हरलो. मालिका आधीच हातची गेली होती. तरीही सोमवारी सकाळी तुर्भ्यात चहाच्या टपऱ्यांवर, बाजाराच्या गाळ्यांसमोर एकच चर्चा होती, त्या चार धावांची. चहरने तो फटका मारायला नको होता, असं गोणी उतरवणारा माथाडी सांगत होता आणि अडत्या मान डोलवत होता. नेरूळच्या मुलींचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. केपटाऊन हजारो किलोमीटरवर, नेरूळ दोन स्टेशनांवर. मनाला मात्र केपटाऊन जवळचं वाटलं.

याचा दोष मी कुणाला देत नाही. माणूस ज्याला आपलं मानतो, त्याच्याच हरण्याने दुखावतो. ही गोष्ट अर्थशास्त्रज्ञांनी आकड्यांतही मांडली आहे. अॅलेक्स एडमन्स, दिएगो गार्सिया आणि ओयविंद नोर्ली या तिघांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. फुटबॉल विश्वचषकाच्या बाद फेरीत एखादा देश हरला, की दुसऱ्या दिवशी त्या देशाच्या शेअर बाजाराची कामगिरी एरवीपेक्षा सरासरी अर्ध्या टक्क्याने खालावते, असं त्यांना दिसलं. जिंकल्यावर मात्र बाजार तसा वर जात नाही. देशाचं मन विजयाने जितकं फुलतं, त्याहून कितीतरी जास्त ते पराभवाने खचतं. आमच्या तुर्भ्याच्या बाजारात २४ जानेवारीला कशानेच काही हललं नाही. आवक नेहमीची, भाव नेहमीचे. न दुखण्याचाही एक अर्थ असतो, आणि तो त्या सकाळी माझ्यासमोर होता.

पराभव किती खोल जाऊ शकतो, हे ब्राझीलकडून शिकावं. १६ जुलै १९५० रोजी रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझीलला विश्वविजेता व्हायला नुसती बरोबरी पुरणार होती. पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं जमली होती. ब्राझीलने पहिला गोल केला, आणि मग उरुग्वेने दोन. शेवटचा गोल घिगियाचा, सामना संपायला अकरा मिनिटं असताना. त्या पराभवाची जखम इतकी खोल होती, की ब्राझीलने आपली पांढरी जर्सीच टाकून दिली. १९५३ साली एका वृत्तपत्राने नव्या जर्सीसाठी स्पर्धा घेतली. अट एकच, राष्ट्रध्वजाचे चारही रंग तिच्यात यायला हवेत. आल्दिर श्ली नावाच्या १९ वर्षांच्या मुलाचं रेखाटन निवडलं गेलं. आज साऱ्या जगाला ओळखीची असलेली ती पिवळी जर्सी एका पराभवाच्या पोटी जन्माला आली.

पण त्याच शोकाने एका माणसाचं आयुष्य पोखरलं. गोलरक्षक बार्बोसा. घिगियाचा तो गोल अडवता आला नाही म्हणून देशाने सारा दोष त्याच्या माथी मारला. २००० साली तो गेला, तोवर पन्नास वर्षं ते ओझं त्याच्या खांद्यावरून उतरलं नाही. कोलंबियात तर याहून भयंकर घडलं. १९९४ च्या विश्वचषकात आंद्रेस एस्कोबारच्या पायाला लागून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला. संघ बाद होऊन मायदेशी परतला, आणि दहा दिवसांच्या आत मेदेयीनमध्ये गोळ्या घालून त्याचा खून झाला.

आपणही या बाबतीत निर्दोष नाही. २००७ च्या क्रिकेट विश्वचषकातून आपण पहिल्याच फेरीत बाहेर पडलो, तेव्हा ठिकठिकाणी खेळाडूंचे पुतळे जाळले गेले. रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घराची नासधूस झाली. त्याच धोनीच्या संघाने सहा महिन्यांनी ट्वेंटी-२० चा विश्वचषक जिंकून आणला, तेव्हा मुंबईने त्याला उघड्या बसवरून मिरवलं. दगड मारणारे आणि फुलं उधळणारे वेगळे नव्हते.

मग पराभवाचं दुःख करावं तरी कसं? त्याचं उत्तर जर्मनीने दिलं. २००० सालच्या युरोपीय स्पर्धेत जर्मनी गटात तळाला राहिली. तीन सामन्यांत एक बरोबरी आणि दोन पराभव. तिथेही संताप उसळलाच. पण तो संताप त्यांनी कामाला लावला. व्यावसायिक क्लबांना तरुण खेळाडूंच्या प्रबोधिनी सक्तीने काढायला लावल्या. देशभर शेकडो केंद्रं उघडली आणि गावागावातल्या मुलांना चांगले प्रशिक्षक मिळाले. चौदा वर्षांनी, २०१४ साली, त्याच माराकाना मैदानावर जर्मनी जगज्जेती झाली.

आणि असं उदाहरण शोधायला जर्मनीलाच जायला हवं असंही नाही. २३ जुलै २०१७ रोजी लॉर्ड्सवर भारताच्या मुली इंग्लंडविरुद्ध विश्वचषकाचा अंतिम सामना खेळत होत्या. मुंबईच्या पूनम राऊतने ८६ धावा केल्या. तीन बाद १९१ वरून डाव कोसळला आणि आपण नऊ धावांनी हरलो. त्या संध्याकाळी घराघरांत माणसं हळहळली. ज्यांनी आधी महिलांचा एकही सामना पाहिला नव्हता, तेही हळहळले. मुली परतल्या तेव्हा पुतळे जळले नाहीत, स्वागत झालं. त्या हळहळीने महिला क्रिकेटला प्रेक्षक दिला. पुढे सामन्यांच्या मानधनात समानता आली, २०२३ मध्ये महिलांची प्रीमियर लीग सुरू झाली, आणि तिचा पहिला सामना नेरूळलाच झाला. मग २ नोव्हेंबर २०२५ रोजी, भरलेल्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. या संघात सांगलीची स्मृती मानधना होती, मुंबईची जेमिमा रॉड्रिग्स होती. त्या रात्री तुर्भ्यात फटाके वाजले.

मैदान तेच होतं. एका खेळातल्या पराभवावर देश रडला होता, म्हणून आठ वर्षांनी तिथे देश नाचला. दुसऱ्या खेळातला पराभव तिथेच झाला, आणि त्याची नोंदसुद्धा मनांनी घेतली नाही.

फुटबॉलवर जीव टाकणं मराठी माणसाला जमत नाही, असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही. कोल्हापूरला जाऊन पाहा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, प्रॅक्टिस असे संघ उतरतात, तेव्हा सामना दोन पेठांचा असतो. आपल्या तालमीचा संघ हरला, की त्या पेठेत रात्री कट्टे सुने पडतात. विश्वचषकाच्या दिवसांत याच गल्ल्यांवर ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे फडकतात. ९ डिसेंबर २०२२ ला ब्राझील क्रोएशियाकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरली, तेव्हा कोल्हापुरात हळहळणारी माणसं कमी नव्हती. एवढी माया आपल्याकडे आहे. तिचा थोडा वाटा आपल्या देशाच्या संघाला मिळावा, इतकंच माझं मागणं आहे.

कारण तो संघ सध्या हरतो आहे, आणि एकटा हरतो आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, भारताचे पुरुष सिंगापूरकडून दोन-एकने हरले. छांगतेने सुरुवातीलाच गोल करून आघाडी मिळवून दिली होती, ती टिकली नाही. २०२७ च्या आशियाई करंडकाची वाट तिथे बंद झाली. मागच्या सलग दोन आशियाई करंडकांत खेळलेला आपला संघ या वेळी तिथे असणार नाही. देशाच्या फुटबॉलवर आलेलं हे संकट आहे. आणि आपल्यापैकी किती जणांच्या घरी त्या रात्री जेवताना हा विषय निघाला?

मुलींची गोष्ट मात्र इथे संपली नाही. ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमध्ये, चियांग माईला, भारताने यजमान थायलंडला हरवलं. थायलंडचा हा संघ दोन विश्वचषक खेळलेला. सामना दोन-एक असा सुटला आणि आपले दोन्ही गोल संगीता बासफोरचे. या विजयाने भारताच्या मुलींनी २०२६ च्या आशियाई करंडकातली जागा पात्रता फेरी खेळून, स्वतःच्या पायांवर मिळवली. नेरूळला जे हातातून निसटलं, ते त्यांनी परक्या मैदानावर जाऊन परत आणलं. त्या जिद्दीला आपण काय दिलं, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

श्रोतेहो, देशाचा संघ बाद झाल्यावर देशाचं मन बदलतं, तेव्हाच पुढे काही बदलण्याची शक्यता निर्माण होते. ज्या पराभवावर कुणी रडत नाही, त्याचा जाब कुणी विचारत नाही. मैदानं का नाहीत, मुलींच्या स्पर्धा वर्षभर का चालत नाहीत, शाळेतल्या खेळाच्या तासाला गणिताचे पेपर का सोडवले जातात, हे प्रश्न दुखावलेली माणसंच विचारतात. म्हणून माझी आपल्याला विनंती आहे. कूपरेजला असो, शाहू स्टेडियमवर असो, फातोर्ड्याला असो, नाहीतर आपल्याच वॉर्डातल्या मैदानावर असो, यंदा फुटबॉलचा एक तरी सामना जाऊन पाहा. जमलं तर मुलींचा पाहा. आपला संघ हरला तर कुणाचा पुतळा जाळू नका, कुणा एकट्याला बार्बोसा करू नका. पण मनापासून वाईट वाटून घ्या, आणि पुढच्या सामन्याला पुन्हा जा.