स्पॅनिश पुस्तकांतली आगगाडी
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



मी डिप्लोमावाला माणूस. रूळ, स्लीपर आणि खडी यांतच वीस-बावीस वर्षे गेली. साहित्यावर बोलायला मला उभे केले आहे ते आमच्या रविवारच्या वाचनामुळे. आपल्याकडे चातुर्मासात पोथी लावतात, तशी आम्ही सहा-सात जण कॉलनीत पुस्तके लावतो. एकाने मोठ्याने वाचायचे, अडेल तिथे थांबून अर्थ मराठीत सांगायचा. गेली दोन वर्षे स्पॅनिश लेखक चालू आहेत. स्पॅनिश कुणालाच येत नाही. इंग्रजी-हिंदी अनुवादांवर भागवतो.

सुरुवात झाली चिलीच्या पाब्लो नेरुदांच्या आठवणींपासून. १९७१ चे नोबेल मिळालेले हे कवी, पण त्यांचे वडील तेमुको गावी रेल्वेत, तेही खडीच्या गाडीवर! तिकडे पाऊस असा की रुळांखालची खडी वाहून जाते. ती सतत भरत राहावी लागते. इथे मी पुस्तक बाजूला ठेवून खडी भार कसा पसरवते, पाणी कसे निचरू देते, हे सगळ्यांना अर्धा तास समजावले. (ऐकणाऱ्यांनी सहन केले.) छोटा नेरुदा त्या गाडीने जंगलात जाई आणि तिथले मजूर त्याला भुंगे नि पक्ष्यांची अंडी आणून देत. वडिलांना मात्र मुलाच्या कविता पसंत नव्हत्या, म्हणून त्याने टोपणनाव घेतले. यावर आमच्यातले बापलोक जरा गप्पच झाले.

मग मेक्सिकोच्या हुआन होसे अर्रेओलांची कथा घेतली. म्हातारा पॉइंट्समन एका प्रवाशाला तिथल्या रेल्वेची महती सांगतो. एक गाडी दरीशी पोहोचते, तर पूल बांधलेलाच नाही. प्रवासी गाडीचे सुटे भाग करून खांद्यावरून पलीकडे नेतात आणि पुन्हा जोडतात. कंपनी इतकी खूश होते की पुलाचा बेतच रद्द करून भाड्यात सूट देते! १९५२ च्या संग्रहातली ही कथा ऐकून आमचे इन्स्पेक्शनवाले साहेबसुद्धा पोट धरून हसले.

खरा कस लागला तो गार्सिया मार्केझ यांच्या १९६७ च्या ‘शंभर वर्षांचे एकाकीपण’ या कादंबरीला. त्यात सतरा औरेलियानो आहेत. पुरुषांचा गोंधळ उडाला; वहिनीमंडळींचा नाही. आजोबांचे नाव नातवाला ठेवणाऱ्या घरांत त्या वावरलेल्या!

त्यात केळीच्या मळ्यांतल्या मजुरांच्या संपाची हकिगत येते. डिसेंबर १९२८ मध्ये कोलंबियात सिएनागा येथे सैन्याने संपकऱ्यांवर खरोखरच गोळीबार केला होता. किती मेले याचा आकडा आजतागायत ठरलेला नाही. कादंबरीत तीन हजार मेले आणि जवळजवळ दोनशे वाघिणींच्या गाडीतून प्रेते समुद्राकडे नेली. वाचलेला माणूस गावात सांगत फिरतो, तर सगळे म्हणतात, असे काही घडलेच नाही.

आमच्यात वाद पेटला. आपली मालगाडी ५८-५९ वाघिणींची, दोनशे कुठून आणल्या? एकाचे म्हणणे, माहीत नसलेला आकडा लेखकाने फुगवू नये, अशाने खऱ्या मृतांवरचाही विश्वास उडतो. मलाही ते पटत होते. आम्हा रजिस्टर भरणाऱ्यांना आकडा म्हणजे आकडा.

तेव्हा आमचे निवृत्त गार्डकाका बोलले. “आकड्याचं जाऊ द्या. घरातलं न बोलणं बरोबर लिहिलंय.” मे १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपाच्या वेळी ते अकरा वर्षांचे होते. वडील संपात. रात्री दारावर थाप पडली की आई दिवा मालवून मुलांना पलंगाखाली सारायची. वडील किती रात्री घरी नव्हते, कुठे होते, हे त्यांना आजही ठाऊक नाही. वडील परतले, पुढे निवृत्त झाले, वारले. घरात त्या वीस दिवसांचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. ज्यांच्याशी मी पंधरा वर्षे रोज चहा घेतो, त्यांची ही गोष्ट मला कोलंबियाच्या पुस्तकामुळे कळली. पुढच्या रविवारी आणखी दोघांनी आपल्या घरातले सांगितले. त्यांनी ते इथे बोलू नये असे सांगितले आहे, म्हणून थांबतो.

विसर्जनानंतरच्या रविवारपासून हुआन रुल्फोंची १९५५ ची ‘पेद्रो पारामो’ लावतो आहोत. पुस्तक छोटे आहे. मुलगा बापाच्या शोधात गावी जातो आणि तिथे भेटणारी माणसे मेलेली निघतात. तेव्हा पितृपक्षच असेल, मुहूर्त चांगला आहे! संध्याकाळी पाच वाजता. ड्यूटी असेल त्यांनी उशिरा आले तरी चालेल, मागचे पान पुन्हा वाचू.