प्रकाशाची रेघ आणि शाळेतला त्रिकोण



"तू नेमकं काम काय करतोस रे?" असं कालपासून सगळे विचारताहेत. सोप्या भाषेत सांगतो. मी प्रकाशाच्या रेघेने वस्तू मोजतो.

काडेपेटीएवढा लेझर असतो. त्याच्यापुढे खास भिंग लावलं की ठिपक्याची रेघ होते. सपाट फरशीवर ती सरळ पडते. वाटेत नाणं ठेवलं, की नाण्यावर ती तुटून बाजूला सरकते. कॅमेरा बरोबर वर आणि लेझर ४५ अंशांत तिरका ठेवला, तर नाणं जेवढं जाड, तेवढीच रेघ सरकते. कारण? काटकोन त्रिकोणात उरलेले दोन्ही कोन ४५ अंशांचे, म्हणून दोन बाजू समान. हे आपल्याला याच शाळेत फळ्यावर शिकवलं होतं. कारखान्यात वेल्डिंगचा सांधा किंवा पत्र्याचा बाक असाच तपासतात.

लांबच्या वस्तूला युक्ती वेगळी. प्रकाश सेकंदाच्या अब्जाव्या भागात सुमारे ३० सेंटीमीटर जातो. तो आपटून परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढायचं. आपल्या भद्रावतीभोवती वेकोलिच्या खाणी आहेत. कोळशाचा ढीग फीत घेऊन मोजायचा, तर माणसाला वर चढावं लागतं. उघड्या खाणीच्या कड्याखाली उभं राहणं तर जिवाशी खेळ. लेझर स्कॅनर हे मोजमाप दुरून करतो.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. लेझरला फक्त ढिगाचा पृष्ठभाग दिसतो. त्यावरून घनफळ मिळतं, वजन नाही. टन काढायला घनता लागते, आणि ती नमुना घेऊन माणसालाच ठरवावी लागते. घनतेत ५ टक्के फरक पडला, तर १ लाख टनांच्या ढिगात ५ हजार टनांचा फरक! म्हणून यंत्राचा आकडा समोर आला, की आधी विचारावं, "घनता कुठून घेतली?"

हा प्रश्न विचारणारी मुलं आपल्या गावात तयार व्हावीत, असं मला वाटतं. खाण आपल्या दाराशी आहे. तिचा हिशेबही आपल्याला कळला पाहिजे. म्हणून आपल्या बॅचतर्फे शाळेच्या प्रयोगशाळेला एक रेघेचा लेझर, एक साधा कॅमेरा आणि स्टँड देऊ या. लेझर १ मिलिवॅटच्या आतला, दुसऱ्या वर्गाचाच घ्यायचा. तरीही डोळ्यांत रोखायचा नाही, हा नियम भिंतीवर लिहायचा. पहिला प्रयोग ग्रामोदय संघाच्या एखाद्या मडक्यावर करू. मडक्याचा फुगवटा मुलांनी स्वतः मोजावा, मग पट्टीने पडताळावा.

जमवाजमव मी करतो. शिकवायला सुट्टीत येईन. साथ तुमची हवी.