मुकर्रर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मुशायऱ्यात एखादा शेर मनाला भिडला की ऐकणारे म्हणतात, 'मुकर्रर!' म्हणजे, पुन्हा एकदा. आपल्या संगीत नाटकांच्या प्रेक्षकांनी याच कामासाठी 'वन्स मोअर' हा इंग्रजी शब्द इतका वापरला, की तो मराठीच होऊन गेला. 'वाहवा' तोंडातून सहज निघते. 'पुन्हा म्हणा' असं सांगणारा मात्र आपला आणखी थोडा वेळ द्यायला तयार झालेला असतो. मराठीत कविता लिहिता लिहिता माझी पस्तीस वर्षं गेली. कवीला, गवयाला, वादकाला खरी गरज असते ती या पुन्हा ऐकणाऱ्याची, असं आता मला वाटतं. आज मी तुम्हाला एका रेकॉर्डची गोष्ट सांगणार आहे. तिला मुकर्रर म्हणणारा माणूस भेटायला वीस वर्षं लागली. आणि पहिल्यांदा ती ऐकून जे हसले, त्यांत मीही होतो.

मी मिरजेचा. आमच्या गावात सतारमेकरांची जुनी घरं आहेत. तिथं भोपळे सुकत असतात, तारा लागत असतात. ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात गाण्याच्या मैफली होतात. अशा गावात गाणं न येणारा माणूसही गाण्याबद्दल मत देतो आणि ते ठामपणे देतो.

माझ्या थोरल्या भावाचं, भाईजानचं, रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. १९८३ च्या सुमाराची गोष्ट. मी बारा-तेरा वर्षांचा. भाईजान मुंबईहून सामान आणायला गेला होता, तो येताना एक रेकॉर्ड घेऊन आला. संध्याकाळी दुकानात अब्बा होते, शेजारचे दोन-तीन बुजुर्ग चहाला बसले होते. भाईजाननं मोठ्या उत्साहानं सुई ठेवली. पहिलाच राग भैरव. पण तानपुरा नाही, तबला नाही. एकसारखा ठोका, घड्याळासारखा. त्याखाली पाणी उकळावं तसा बुडबुडणारा खर्ज. आणि या सगळ्यावर यंत्रातून निघालेले भैरवाचे कोमल रिषभ आणि धैवत. मिनिटभर सगळे गप्प. मग एक चाचा म्हणाले, "भैरव को बुखार चढ्या क्या रे?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो, कारण मोठ्या माणसांबरोबर हसायला मिळालं की मुलाला आपणही मोठे झालो असं वाटतं. भाईजान काही बोलला नाही. त्यानं सुई उचलली. ती रेकॉर्ड नंतर आमच्यापुढे त्यानं कधी लावली नाही.

त्या रेकॉर्डचं नाव होतं, 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट'. वादक चरणजित सिंग. मुंबईच्या सिनेसंगीतात गिटार, बेस, कीबोर्ड असं बरंच काही वाजवणारा हा माणूस. सचिनदेव आणि राहुलदेव बर्मन, शंकर-जयकिशन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या वाद्यवृंदांत त्यांनी साथ केली. अशा वादकांचं वाजवणं देशभर घरोघरी पोचतं, नाव मात्र पोचत नाही. सिनेमाच्या गाण्यांच्या धुना वाजवलेल्या त्यांच्या रेकॉर्डी त्याआधीही निघाल्या होत्या. १९८२ मध्ये त्यांनी ही वेगळी रेकॉर्ड केली आणि एचएमव्हीनं ती काढली.

तो काळ डिस्कोचा होता. १९८० मध्ये 'कुर्बानी' आला होता, १९८२ च्या अखेरीस 'डिस्को डान्सर' आला. चरणजित सिंगांनी पुढे मुलाखतींत अगदी साधं कारण सांगितलं. सिनेमात सगळीकडे डिस्कोच चाललं होतं, तेव्हा त्याच तालावर वेगळं काही करावं, तबला काढून टाकावा आणि राग वाजवावेत, असं त्यांच्या मनात आलं. त्यांच्याकडे रोलँड या जपानी कंपनीची तीन नवी यंत्रं होती. ताल देणारं '८०८', खर्जाची साथ करणारं '३०३' आणि ज्यावर राग वाजवायचा तो 'ज्युपिटर-८' नावाचा सिंथेसायझर. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. दहा राग, प्रत्येकी पाचेक मिनिटं.

रेकॉर्ड चालली नाही. ती कोणाची होती, हेच ठरेना. रागदारी ऐकणाऱ्यांना आलाप नसलेला भैरव नको होता. डिस्कोवर नाचणाऱ्यांना गाण्याचे शब्द हवे होते, नट हवा होता. कडाडून टीका झाली असती तरी चर्चा झाली असती. इथं नुसतीच शांतता पसरली. चरणजित सिंग आपल्या कामाला लागले.

आता ही गोष्ट थोडा वेळ अमेरिकेतल्या शिकागोला न्यावी लागेल, कारण या रेकॉर्डचं पुढचं नशीब तिथं ठरलं. ते '३०३' नावाचं यंत्र मुळात एकट्या गिटारवाल्याला सराव करताना साथ मिळावी म्हणून बनवलेलं. त्यात सुरांचा क्रम भरून ठेवायचा, की यंत्र तो अखंड वाजवत राहतं. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचीही सोय त्यात आहे, आपल्या मींडेशी दुरून नातं सांगणारी. पण खऱ्या बेससारखा आवाज काही त्यातून येईना. लोकांनी ते घेतलं नाही. सुमारे दहा हजार यंत्रं बनली आणि १९८४ मध्ये उत्पादन बंद झालं. मग ती यंत्रं जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली आणि शिकागोच्या काही कृष्णवर्णीय पोरांच्या हाती एक लागलं. ते वाजत असतानाच त्यांनी त्याच्या कळी फिरवल्या. आवाज किंचाळू लागला, गुरगुरू लागला. त्यांनी त्याची टेप केली आणि 'म्युझिक बॉक्स' या क्लबात रेकॉर्डी लावणाऱ्या रॉन हार्डीला नेऊन दिली.

त्या रात्रीची हकीकत त्यांच्यातल्या डीजे पिएर यानं नंतर अनेकदा सांगितली आहे. हार्डीनं टेप लावली, तेव्हा नाचणारे लोक निघून गेले. त्यानं थोड्या वेळानं पुन्हा लावली. मग तिसऱ्यांदा लावली. चौथ्यांदा लावली तेव्हा लोक बेभान होऊन नाचत होते. 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' या नावानं ती चीज १९८७ मध्ये बाहेर आली आणि अ‍ॅसिड हाउस नावाचं संगीत जगभर गेलं. १९८८ मध्ये इंग्लंडची तरुण पिढी त्यावर नाचत होती.

श्रोतेहो, मला या दोन प्रसंगांतला फरक सारखा आठवतो. शिकागोच्या लोकांनीही पहिल्यांदा तेच केलं, जे आम्ही मिरजेत केलं. फरक एवढाच, की तिथं एकानं टेप चार वेळा लावली. आमच्याकडे सुई एकदाच उचलली गेली.

२००२ मध्ये एडो बाउमन नावाच्या एका डच संग्राहकाला दिल्लीत ही जुनी रेकॉर्ड सापडली. ऐकून तो चक्रावला. शिकागोतून जो आवाज १९८७ मध्ये निघाला, तो मुंबईत पाच वर्षं आधी निघून गेला होता. त्यानं चरणजित सिंगांना मुंबईत शोधून काढलं आणि २०१० मध्ये रेकॉर्ड नव्यानं प्रसिद्ध केली. मग समीक्षकांनी भरभरून लिहिलं. काही रसिकांना तर ही कोणा आजच्या वादकानं केलेली चेष्टा वाटली. १९८२ मध्ये, तेही मुंबईत, असं काही होणं त्यांना शक्यच वाटेना. चरणजित सिंगांना अ‍ॅसिड हाउसचा जनक म्हटलं गेलं. सत्तरी ओलांडलेला हा सरदारजी युरोपातल्या मंचांवर तीच यंत्रं घेऊन वाजवू लागला आणि नातवंडांच्या वयाची मुलं भैरवावर नाचू लागली. जुलै २०१५ मध्ये मुंबईत ते वारले. जनकपणाच्या पदवीचं त्यांना स्वतःला फारसं कौतुक नव्हतं. त्यांच्या लेखी ते राग होते आणि ताल डिस्कोचा होता.

आणि ते खरंच होतं. शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकलेली नव्हती. दोन्हीकडे यंत्र एक, म्हणून आवाजात साम्य. जनक वगैरे म्हणायला तिथं वंशच नाही. पण कौतुक करणाऱ्यांच्या तोंडी सारखा एक शब्द होता: 'आधी'. शिकागोच्या आधी! जणू दहा रागांची लायकी एवढीच, की ते दुसऱ्या कशाच्या तरी आधी आले.

या 'आधी'ला मी चांगला ओळखतो, कारण त्याच्या सख्ख्या भावाशी माझी जुनी ओळख आहे. त्याचं नाव 'असून'. माझा पहिला संग्रह आला तेव्हा एका परीक्षकानं लिहिलं, कवी मुस्लिम असून त्याची मराठी किती सहज आहे! लिहिणाऱ्याच्या मनात प्रेमच होतं. तरी मी तो कागद हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो. दळणाच्या रांगेत, शाळेत, भांडणात जी भाषा मी बोललो, ती सहज नसेल तर काय असेल? माझ्या बावन्न कवितांपैकी एकीचंही नाव त्या परीक्षणात नव्हतं. परंतु एक कबूल केलं पाहिजे. तो 'असून' वाचून काही लोकांनी कुतूहलापोटी संग्रह विकत घेतला आणि त्यांतल्या थोड्यांनी तो दुसऱ्यांदा वाचला. चुकीच्या दारातून आलेला पाहुणाही घरात थांबतो कधी कधी.

२०१२ च्या ईदला आम्ही सगळे मिरजेच्या घरी जमलो होतो. पुण्यात नोकरी करणारा पुतण्या संगणकावर काहीतरी लावून बसला होता. "चाचा, हे ऐका, सगळं जग याचं कौतुक करतंय," म्हणाला. तो ठोका सुरू झाला आणि आतल्या खोलीतून भाईजान बाहेर आला. दुकान बंद होऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. त्याची रेकॉर्ड भंगारात गेली होती. आज तिच्या मूळ प्रतीला संग्राहक केवढी किंमत मोजतात, हे पुतण्यानं सांगितलं तेव्हा तो नुसता हसला. माझ्याकडे बघून म्हणाला, "इस बार पूरा सुनो."

पूर्ण ऐकली. सगळंच आवडलं असं नाही. मालकंसाला जो संथपणा लागतो, तो त्या ठोक्यात सापडत नाही. सम इतक्या नेमानं येते, की तिची वाट बघण्यातली गंमत जाते. पण ललत आला आणि मी सावरून बसलो. ललतात शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम जवळजवळ येतात. गवयाच्या गळ्यात ते एकमेकांत विरघळतात. इथं यंत्रानं ते स्वच्छ वेगळे ठेवले होते, शेजारी शेजारी, भिंत एक आणि दारं दोन. खालचा तो बुडबुडणारा खर्ज तानपुऱ्याची जागा घेत होता, हेही तेव्हाच कळलं. मी भाईजानला एवढंच म्हणालो, "ललत परत लाव." तो पुतण्याला म्हणाला, "लगा रे, मुकर्रर बोल रहे हैं."

तीस वर्षांपूर्वी त्या दुकानात मला हे म्हणता आलं असतं. तेव्हा मी हसलो होतो. भाईजाननं कधी बोलून दाखवलं नाही, पण नवी वस्तू घरी आणून सगळ्यांना बोलावण्याची त्याची सवय त्यानंतर मोडली, हे मला माहीत आहे.

तेव्हा श्रोतेहो, तुमच्या घरातलं कोणी काही नवं ऐकवायला आलं, आणि हसू आलं, तर खुशाल हसा. फक्त सुई उचलू देऊ नका. पुन्हा एकदा लाव म्हणा.