आधी चित्र, मग किरण

मातेच्या उदरात गर्भाला मणके फुटण्यापूर्वी त्याच्या पाठीतून एक मऊ दोरी गेलेली असते. तिला पृष्ठरज्जू म्हणतात. मणके तयार झाले की ती बहुतांशी नाहीशी होते. परंतु कवटीच्या तळाशी आणि माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीत तिचे काही अवशेष मागे राहतात. क्वचित एखाद्या माणसाच्या बाबतीत, बहुधा उतारवयात, याच अवशेषांतून गाठ वाढू लागते. ‘कॉर्डोमा’ हे तिचे नाव. दहा लाख लोकांमागे वर्षाला सुमारे एक, इतकी ती दुर्मिळ. वाढते सावकाश, पण हाड पोखरीत जाते.

खरी अडचण तिच्या जागेची. वर मस्तिष्कस्तंभ आणि दृष्टीच्या नसा तिला खेटून असतात. खाली मलमूत्रावर ताबा ठेवणाऱ्या नसा. त्यामुळे शस्त्रवैद्याला ती समूळ काढता येतेच असे नाही, आणि मागे उरलेल्या पेशी थोडक्या किरणांना दाद देत नाहीत. त्यांना ७० ग्रेहून अधिक मात्रा लागते. मस्तिष्कस्तंभाला मात्र ६० ग्रेच्या आसपासच धोका संभवतो. या दोहोंमधले अंतर पुष्कळदा काही मिलिमीटरांचेच असते.

प्रोटॉन कण ठराविक खोलीवर आपली बहुतेक शक्ती सोडतात आणि तेथेच थांबतात. त्यांचा उपचारासाठी उपयोग करावा, असे रॉबर्ट विल्सन या शास्त्रज्ञाने १९४६ साली सुचविले. पण नेमके थांबायचे कोठे, हे कणांना कोण सांगणार? ते काम चित्राचे. यंत्राच्या किमतीची चर्चा फार होते, चित्राची त्या मानाने फारच थोडी! एमआरआयमध्ये गाठीची मऊ कड उमटते; सीटी स्कॅनमध्ये हाड दिसते आणि कण किती खोल जातील याचा हिशेबही त्यावरूनच मांडतात. ही दोन्ही चित्रे एकावर एक तंतोतंत बसवावी लागतात. शस्त्रक्रियेत मणक्यांना धातूचे स्क्रू बसविलेले असले, तर सीटीवर चमकत्या रेघा पसरतात आणि हिशेब चुकण्याची भीती असते. म्हणून काही ठिकाणी कार्बन तंतूंचे स्क्रू वापरतात.

एवढ्याने भागत नाही. उपचार कित्येक आठवडे चालतो. डोके साच्याच्या मुखवट्यात बसवून रोज आधी क्ष-किरणांनी हाडांची जागा ताडून पाहतात आणि मेज तेवढे सरकवितात. त्रिकास्थीच्या रोग्याचे गुदाशय वायूने फुगलेले दिसले, तर त्या दिवशी थांबावेही लागते. भारतात हा उपचार चेन्नईस २०१९ पासून आणि टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संस्थेत २०२३ पासून मिळू लागला. तेथेही रोग्याचा मेजावरचा बराचसा वेळ जागा जुळविण्यातच जातो; प्रत्यक्ष किरण काही मिनिटांचेच असतात.